कापणे, तोडणे, फोडणे, फाडणे: इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तोडणे’ला सरसकट ‘ब्रेक’ म्हटलं तर चालतं का?

नाही. बहुतेक चुकांची सुरुवात इथूनच होते. मराठीत क्रियापद ठरतं ते वस्तू कशी आहे यावरून. दोरी, तार, साखळी अशी लांब किंवा ताणलेली वस्तू तुटते. माठ, काच, अंडं, फुगा फुटतात. कागद आणि कापड फाटतं. काठी, खुर्चीचा पाय, हाताचं हाड मोडतं. इंग्रजीला यातला फाटण्याचा भेद लागतो, त्यासाठी ‘टेअर’ आहे. बाकी दोरी, माठ, काठी या तिन्हींना एकटं ‘ब्रेक’ पुरतं.

इंग्रजी चौकशी करते ती हत्याराची. धार वापरून ठरलेल्या जागी वेगळं केलं, तर ‘कट’. धार नसताना ताण, वाक किंवा आपट यांमुळे वेगळं झालं, तर ‘ब्रेक’. म्हणून झाड तोडणे म्हणजे ‘कट डाउन अ ट्री’, कारण तिथे कुऱ्हाड किंवा करवत आहे. ‘ब्रेक अ ट्री’ वाचणाऱ्याला कुणीतरी ते हाताने मोडतंय असं वाटतं. फूल तोडायला ‘पिक’ किंवा ‘प्लक’. शर्टाचं बटण तुटलं तर ‘द बटन केम ऑफ’, कारण बटण अखंडच आहे, तुटला तो दोरा. बटणाचेच दोन तुकडे झाले असतील तरच ‘द बटन ब्रोक’.

तेव्हा मराठी क्रियापदाचा प्रतिशब्द शोधू नये. घटनेकडे पाहावं: हत्यार कोणतं, तुकडे किती मोठे, आणि शेवटी वस्तूचं काय झालं.

हा फरक फक्त मराठी आणि इंग्रजीतच आहे का?

नाही, यावर मोठा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २८ भाषांच्या भाषकांना ६१ छोट्या चित्रफिती दाखवल्या. कुणी गाजर कापतंय, कुणी काठी मोडतंय, कुणी हातोड्याने मडकं फोडतंय, अशी दृश्यं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: इथे काय केलं? निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासात हिंदी आणि तमिळही होत्या. सगळ्या भाषांत सर्वांत ठळकपणे दिसलेला भेद असा, की वस्तू नेमकी कुठून वेगळी होणार हे आधीच सांगता येतं की नाही. सुरीने गाजर कापताना ते सांगता येतं, मडक्यावर हातोडा घालताना नाही. काठी मोडणं आणि मडकं फोडणं यांना वेगळी क्रियापदं वापरणाऱ्या भाषा पुष्कळ आहेत. त्यामुळे मराठीचा ‘मोडणे–फोडणे’ हा भेद जगावेगळा नाही. इंग्रजीत तो सक्तीचा नाही, एवढंच. तरी हवा असेल तर तिथेही शब्द आहेत: काठी कट्कन मोडली तर ‘स्नॅप’, मडकं आपटून फोडलं तर ‘स्मॅश’.

‘माय फिंगर कट’ हे वाक्य का चुकतं? ‘द ग्लास ब्रोक’ तर चालतं!

मराठीत ‘बोट कापलं’ आणि ‘काच फुटली’ ही दोन्ही वाक्यं कर्त्याशिवाय उभी राहतात, म्हणून ही शंका येते. ‘ब्रेक’, ‘क्रॅक’, ‘स्नॅप’, ‘टेअर’, ‘शॅटर’ ही क्रियापदं फक्त परिणाम सांगतात. तो कसा घडला याबद्दल ती गप्प असतात, त्यामुळे वस्तूलाच कर्त्याच्या जागी बसवता येतं: ‘द रोप स्नॅप्ड’, ‘द बॅग टोअर’. ‘कट’, ‘चॉप’, ‘स्लाइस’, ‘सॉ’ यांच्या अर्थात धार आणि ती चालवणारा कुणीतरी दडलेला असतो. त्याला वाक्यातून वगळता येत नाही.

म्हणून चुकून कापलं तरी ‘आय कट माय फिंगर’ असंच म्हणायचं. यात मुद्दाम कापल्याचा अर्थ येत नाही. ‘आय ब्रोक माय आर्म’चंही तेच, अपघातात मोडला तरी. बोट तुटून वेगळं झालं असेल तर मात्र ‘कट ऑफ’ हवं. दवाखान्यात ‘कट माय फिंगर’ आणि ‘कट ऑफ माय फिंगर’ यांत टाके आणि शस्त्रक्रिया एवढं अंतर आहे.

केसांचं उलट. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतः कात्री चालवली. सलूनमधून आलात तर ‘आय हॅड माय हेअर कट’.

एक अपवाद सगळीकडे भेटतो: ‘धिस ब्रेड कट्स ईझिली’. इथे कापलं गेल्याची घटना सांगितलेली नाही, पाव सहज कापला जातो हा त्याचा गुण सांगितला आहे. ‘ईझिली’ किंवा ‘वेल’सारखा शब्द काढून टाकला की वाक्य लंगडं पडतं.

पाककृतीतले चॉप, स्लाइस, डाइस, मिन्स: नक्की किती बारीक?

‘स्लाइस’ म्हणजे चकत्या किंवा काप. जाडी सांगितलेली असते, नसेल तर ३ ते ५ मिलिमीटर धरा. ‘चॉप’मध्ये आकार सारखा असण्याची अट नाही. ‘रफली चॉप्ड’ म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरचे ओबडधोबड तुकडे, ‘फाइनली चॉप्ड’ म्हणजे पोह्यांसाठी चिरतो तसा बारीक कांदा.

‘डाइस’मध्ये आकाराची अट असते. सापशिडीच्या फाशासारखे चौकोनी तुकडे अपेक्षित असतात आणि व्यावसायिक स्वयंपाकघरात त्यांची मापं ठरलेली आहेत: लहान डाइस पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, मध्यम अर्धा इंच, मोठा पाऊण इंच म्हणजे सुमारे २ सेंटिमीटर. ३ मिलिमीटरच्या डाइसला फ्रेंच नाव आहे, ‘ब्रुन्वाज’. तेवढ्याच जाडीच्या पण ५–६ सेंटिमीटर लांब काड्या म्हणजे ‘ज्युलिएन’. डाइस सांगितलं असताना कसंही चिरलं तर दिसायलाच वाईट दिसतं असं नाही, शिजण्यातही बिघडतं. पाव इंचाचे बटाटे विरघळून रस्सा दाट होतो, तेव्हा पाऊण इंचाचे आतून कच्चेच असतात.

‘मिन्स’ सर्वांत बारीक. लसूण, आलं, मिरची यांच्यासाठी, आणि सुरीनेच. तुकडा २ मिलिमीटरच्या वर नको. मिक्सरमधून काढलं की पाणी सुटून त्याचं वाटण होतं आणि गरम तेलात ते लगेच तळाला लागतं.

‘श्रेड’ म्हणजे लांब, पातळ पट्ट्या: कोशिंबिरीचा कोबी, किंवा शिजवलेलं चिकन हाताने सोडवणं. ‘वेज’ म्हणजे लिंबाची फोड.

लसणाबद्दल आणखी एक. ‘अ क्लोव्ह ऑफ गार्लिक’ म्हणजे एक पाकळी, अख्खा गड्डा म्हणजे ‘हेड’ किंवा ‘बल्ब’. नुसतं ‘क्लोव्ह्ज’ लिहिलं असेल तर लवंगा. मसाल्याच्या यादीत ‘फोर क्लोव्ह्ज’ वाचून लसूण घालणारे आणि लसणाच्या ओळीत चार गड्डे सोलणारे, दोन्ही सापडतात.

‘वन कप चॉप्ड वॉलनट्स’ आणि ‘वन कप वॉलनट्स, चॉप्ड’ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो स्वल्पविरामातच आहे. पहिल्यात आधी अक्रोड चिरायचे, मग कप भरायचा. दुसऱ्यात अक्रोड कपाने मोजून घ्यायचे आणि नंतर चिरायचे. अक्रोडाच्या अर्ध्या गरांमध्ये पोकळी राहते, म्हणून तसा कप सुमारे १०० ग्रॅमचा होतो. चिरलेल्या तुकड्यांचा कप ११७ ग्रॅमच्या आसपास जातो. अक्रोडाला हे चालून जाईल, पण कोथिंबिरीसारख्या फुगीर पाल्याला तफावत फार मोठी होते. मराठीतून इंग्रजीत पाककृती लिहिताना ‘१ वाटी बारीक चिरलेला कांदा’ असेल तर ‘चॉप्ड’ आधीच आलं पाहिजे.

भरली वांगी, उभी चिरलेली मिरची, पापलेटला दिलेल्या चिरा: यांना काय म्हणायचं?

इथे वस्तूचे तुकडे होत नाहीत, म्हणून ‘कट’ एकटं अपुरं पडतं. मिरचीला ‘स्लिट’: ‘स्लिट द चिलीज लेंथवाइज’. देठाकडे जोडलेली राहते आणि आतली वाफ निघायला वाट मिळते. अख्खी मिरची गरम तेलात टाकली तर ती फुटून तेल उडतं. पापलेटच्या किंवा तंगडीच्या पृष्ठभागावरच्या उथळ चिरांसाठी ‘स्कोअर’, म्हणजे मसाला आत मुरतो पण मांस सुटत नाही.

वांग्यांच्या बाबतीत चूक नेहमीची आहे. ‘चार भाग करा’ म्हणून ‘क्वार्टर द ब्रिंजल्स’ लिहिलं जातं. ‘क्वार्टर’ म्हणजे चार सुटे तुकडे. वाचणारा तसेच करतो, मग मसाला भरायचा कशात? लिहायचं असं: ‘मेक टू डीप स्लिट्स इन अ क्रॉस, कीपिंग द स्टेम इंटॅक्ट’. आणि वाचक ब्रिटनमधला असेल तर ‘ओबरजीन’, अमेरिकेतला असेल तर ‘एगप्लांट’. ‘ब्रिंजल’ मुख्यतः भारतात चालतं.

विळीवर चिरण्याला इंग्रजी शब्द आहे का?

नाही. ‘चॉप’मध्ये वरून खाली पडणाऱ्या पात्याचे घाव गृहीत आहेत. विळीचं पातं स्थिर असतं आणि भाजी त्यावर सरकते. अशा वेळी क्रिया सोडून परिणाम लिहावा: ‘फाइनली चॉप्ड’, ‘थिनली स्लाइस्ड’. विळीचंच वर्णन करायचं असेल तर जमिनीवर ठेवून, पाटावर पाय देऊन वापरायचं वाकडं पातं असं सरळ सांगावं. एका शब्दात बसवायचा अट्टहास नको.

किसणे, खवणे, ठेचणे, कुटणे, वाटणे, दळणे, भरडणे: एवढ्यांना पुरतील एवढे शब्द आहेत का?

मराठीइतके नाहीत, पण विशेषणं जोडली की काम होतं. किसणे आणि खवणे दोन्ही ‘ग्रेट’. भारतीय पुस्तकांत खवलेल्या नारळाला ‘स्क्रेप्ड कोकोनट’ही म्हणतात. ‘डेसिकेटेड कोकोनट’ म्हणजे वाळवलेला कीस. ओल्या नारळाच्या जागी तो लिहिला तर सोलकढीला ओल्या नारळासारखं दूध कुठून निघणार?

ठेचणे म्हणजे ‘क्रश’. वेलची किंवा गवती चहा नुसता दाबून फोडायचा असेल तर ‘ब्रूज’ किंवा ‘लाइटली क्रश’. खलबत्त्यात पुन्हा पुन्हा घाव घालून कुटणे ते ‘पाउंड’. वाटणे, दळणे, भरडणे तिन्हींना ‘ग्राइंड’ लागतं, आणि फरक पुढच्या शब्दांनी सांगावा लागतो: ‘टु अ स्मूद पेस्ट’ हे वाटण, ‘इंटू फ्लोअर’ हे दळण, ‘कोर्सली’ ही भरड. उकडलेला बटाटा ‘मॅश’ होतो. पोळी किंवा पनीर कुस्करणे ‘क्रम्बल’.

शेंगदाण्याच्या कुटाला ‘पीनट पावडर’ लिहू नका. परदेशातल्या दुकानात त्या नावाने मिळते ती बहुतेकदा तेल काढून घेतलेली पूड. कुटातलं तेलच तर खिचडीला हवं असतं. ‘कोर्सली ग्राउंड रोस्टेड पीनट्स’ लिहिलं की घोळ होत नाही.

काच तडकली, फुटली, चक्काचूर झाली: प्रत्येकाला कोणता शब्द?

तडा गेला पण काच जागेवर आहे: ‘क्रॅक’. कडेचा टवका उडाला: ‘चिप’. फुटली: ‘ब्रेक’. एका क्षणात असंख्य तुकडे झाले: ‘शॅटर’. कुणी जोराने, बहुधा मुद्दाम फोडली: ‘स्मॅश’. ‘शॅटर’ आपोआपही होतं, ‘स्मॅश’मागे आपट किंवा प्रहार असतो.

मोटारीच्या विम्याचा अर्ज भरताना हा भेद कामाला येतो. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, त्यामुळे ती तडकते पण गळून पडत नाही: ‘द विंडस्क्रीन इज क्रॅक्ड’. बाजूच्या खिडकीची काच बहुतेक गाड्यांत तापवून टणक केलेली असते आणि फुटली की तिचे बोथट दाणे होतात. तिला ‘शॅटर्ड’ शोभतं. समोरच्या काचेवरचा दगडाचा टवका ‘चिप’ असेल तर तो बऱ्याचदा भरून दुरुस्त होतो. लांब ‘क्रॅक’ असेल तर सहसा काच बदलावी लागते.

तुकड्यांची नावंही वेगळी. काचेचा किंवा खापराचा धारदार तुकडा ‘शार्ड’. बोटात शिरणारी लाकडाची कुसळ ‘स्प्लिंटर’. रंध्याने निघतात त्या ‘शेव्हिंग्ज’, करवतीचा भुसा ‘सॉडस्ट’, कानशीने घासून पडतो तो लोखंडाचा कीस ‘फाइलिंग्ज’. पावाचा चुरा ‘क्रम्ब्ज’, पडक्या भिंतीचा राडारोडा ‘रबल’.

‘द मिक्सर इज ब्रोकन’ याचं भाषांतर ‘मिक्सर फुटला’ असं करू नये. तो बिघडला आहे, तुकडे झालेले नसतील.

टेअर, रिप, स्प्लिट आणि बर्स्ट कसे ओळखायचे?

‘टेअर’ म्हणजे ओढून फाडणे. ‘रिप’ त्याहून जोरात आणि झटक्यात, टर्रकन आवाज होऊन. उच्चार सांभाळा: फाडणे या अर्थी ‘टेअर’, अश्रू या अर्थी ‘टिअर’, दोन्हींचं स्पेलिंग एकच.

‘स्प्लिट’ म्हणजे नैसर्गिक रेषेवरून उकलणे. लाकूड रेषांच्या दिशेने फोडणे ते ‘स्प्लिट’. वाकल्यावर पँट शिवणीवर उसवली तर तीही ‘स्प्लिट’. डाळींची नावं याच शब्दाने बनतात: मुगाची डाळ ‘स्प्लिट मूंग’, चणाडाळ ‘स्प्लिट चिकपीज’. दाणा कापलेला नसतो, त्याच्या दोन दळांच्या मधून सुटलेला असतो.

‘बर्स्ट’ला आतला दाब लागतो: फुगा, टायर, पाण्याचा पाइप. ‘बर्स्ट क्रॅकर्स’ भारतात सर्रास चालतं. बाहेरच्या वाचकासाठी ‘सेट ऑफ फायरक्रॅकर्स’ लिहा.

भूतकाळाची रूपं कुठे फसवतात?

‘कट’, ‘स्प्लिट’, ‘स्लिट’, ‘बर्स्ट’ तिन्ही रूपांत तसेच राहतात. ‘कटेड’ आणि ‘बर्स्टेड’ चूक. ‘ब्रेक, ब्रोक, ब्रोकन’ आणि ‘टेअर, टोअर, टॉर्न’ पाठच करावीत. ‘ब्रोक’ एकटं विशेषण म्हणून आलं तर अर्थ कफल्लक असा होतो, म्हणून मोडलेल्या खुर्चीला ‘ब्रोक चेअर’ म्हणू नये. ‘ग्राइंड’चं ‘ग्राउंड’ होतं. ‘ग्राउंडेड’ हे वेगळ्या क्रियापदाचं रूप आहे. ‘सॉ’चं तिसरं रूप ब्रिटनमध्ये ‘सॉन’, अमेरिकेत ‘सॉड’.

तुकडे ‘इन’ करायचे की ‘इंटू’?

तुकडे किंवा आकार सांगताना ‘इंटू’: ‘कट इंटू फोर पीसेस’, ‘टेअर इंटू स्ट्रिप्स’. अर्धं करताना ‘इन हाफ’, दोन करताना ‘इन टू’. मागे लागणारे छोटे शब्द अर्थ बदलतात. ‘अप’ लावलं की सगळ्याचे तुकडे (‘टेअर अप द लेटर’), ‘ऑफ’ने एक भाग वेगळा होतो (‘ब्रेक ऑफ अ पीस’), ‘डाउन’ने उभं असलेलं खाली येतं. ‘कट अप अ ट्री’ आणि ‘कट डाउन अ ट्री’ ही एकामागून एक येणारी दोन कामं आहेत: आधी झाड पाडायचं, मग त्याचे ओंडके करायचे.

मराठीत फुटतं, फाटतं, मोडतं, पण इंग्रजीत काही भलतंच होतं, अशी उदाहरणं?

परीक्षेचा पेपर फुटतो, इंग्रजीत तो ‘लीक’ होतो. दूध फाटतं, तिथे ते ‘कर्डल’ किंवा ‘स्प्लिट’ होतं, ‘टेअर’ कधीच नाही. रस्त्याला फाटा फुटतो: ‘द रोड फोर्क्स’. पालवी फुटते: ‘स्प्राउट’. ठरलेलं लग्न मोडतं: ‘द एंगेजमेंट वॉज ब्रोकन ऑफ’.

काही मात्र छान जुळतात. विक्रम मोडणे ‘ब्रेक अ रेकॉर्ड’. पाचशेची नोट मोडणे ‘ब्रेक अ फाइव्ह हंड्रेड नोट’. घाम फुटणे ‘ब्रेक आउट इन अ स्वेट’.

ब्रिटन, अमेरिका आणि भारत यांच्यात कुठे घोटाळा होतो?

ब्रिटनमध्ये नुसतं ‘मिन्स’ म्हटलं की खिमा, अमेरिकेत त्याला ‘ग्राउंड मीट’ म्हणतात. ब्रिटनमधला नाताळचा ‘मिन्स पाय’ मात्र सुक्या मेव्याचा गोड पदार्थ असतो. आत खिमा नसला तरी शाकाहारी माणसाने चौकशी करावी, कारण पारंपरिक सारणात ‘सूएट’ म्हणजे प्राण्याची चरबी घालतात.

ब्रिटनमध्ये ‘चिप्स’ मागितल्या तर बटाट्याचे जाड तळलेले तुकडे गरमागरम येतात. मुंबई-पुण्याकडे ज्यांना आपण वेफर्स म्हणतो ते तिथे ‘क्रिस्प्स’ आणि अमेरिकेत ‘चिप्स’. ‘वेफर’ दोन्ही देशांत म्हणजे पातळ, कुरकुरीत बिस्किट. बदामांचंही तसंच: अमेरिकेत ‘स्लाइस्ड आमंड्स’ म्हणतात त्या पातळ पापुद्र्यांना ब्रिटनमध्ये ‘फ्लेक्ड’ म्हणतात, तर ‘स्लिव्हर्ड’ म्हणजे काड्या.

‘कटिंग’ तर मुंबईबाहेर जपूनच वापरावं. टपरीवर तो अर्धा चहा. केसांची कटिंग इंग्रजीत ‘हेअरकट’. ब्रिटिश माणसाला ‘अ कटिंग’ म्हटलं तर तो वर्तमानपत्राचं कात्रण समजेल किंवा कुंडीत रुजवायची फांदी. कात्रणाला अमेरिकेत ‘क्लिपिंग’ म्हणतात.